चाकावरची खोली आणि समोरचा वारा

मला वाऱ्यातलं काही कळत नव्हतं. मोटारीतलं मात्र सगळं कळतं असा माझा समज होता, आणि त्या समजापायी काय झालं ते आज सांगून टाकतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं की मला राग यायचा आणि मी पाना उचलून मोटारीखाली शिरायचो. तिथं कोणी विचारायला येत नाही.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, मध्य प्रांताच्या गळ्यात आम्हाला बांधलेलं होतं. मी अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगच्या मालकाकडे मोटार चालवायचो आणि तिची दुरुस्तीही करायचो. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. राहायला जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून हाकेच्या अंतरावर. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बायकोला क्षय झाला.

क्षय म्हटल्यावर माणसं कशी वागतात ते मी पाहिलं. शेजारणी दारातूनच ख्यालीखुशाली विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता निघून जायच्या. तिला आम्ही मागच्या पडवीत ठेवलं होतं. पडवी इतकी ठेंगणी, की ती उभी राहिली तर डोकं पत्र्याला टेकायचं. होळी झाली तसा पत्रा तापायला लागला. डॉक्टर म्हणाले, वैशाखातला उन्हाळा हिला खाली झेपणार नाही, चिखलदऱ्याला न्या, थंड हवेत दोन महिने ठेवा, पाऊस लागायच्या आत खाली आणा. ऊन जास्त चढायच्या आत पोचवा, असंही म्हणाले. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मी काही दूधखुळा नव्हतो.

मी आधी एकटाच चिखलदऱ्याला जाऊन आलो, खोली पाहायला. जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न, कोण आजारी आहे. सांगितलं की खोली भरलेली. एक म्हातारा चौकीदार तेवढा खरं बोलला. "खोली रिकामी हाये भाऊ, पन खोकल्यासाठी नाई," असं म्हणाला आणि मला चहा पाजला. त्याचा राग आला नाही. बाकी सगळ्यांचा आला. परत येताना मी मनाशी ठरवलं, तुमची खोली तुम्हालाच लखलाभ, मी माझी खोली घेऊन येतो.

जुन्या शहरात एक सुतार होता, बंड्या करणारा. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. एका मोडक्या लॉरीचा आस आणि दोन चाकं मी मिळवली, त्यावर त्याच्याकडून सागवानी सांगाडा उभा करून घेतला. भिंतींना बांबूच्या ताट्या, बाहेरून ताडपत्री, वर फळ्यांचं छत. आत एक बाज, एक माठ, एक पेटी. मागं दार आणि पुढच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवली, म्हणजे मी चालवताना मान वळवली की ती दिसावी. आणि उंची ठेवली पुरुषभर वर एक हात. सुतार म्हणाला, "बंडीवर एवढं उंच कोनी बांधत नाई." मी म्हणालो, बंडी बैल ओढतात, हे मोटार ओढणार आहे, तू रंधा मार. त्यानं रंधा मारला.

तयार झाल्यावर तिला आणून आत उभी केली. तिनं हात वर केला, तो छताला लागला नाही. टाचा उंचावल्या, तरी लागला नाही. मग ती हसली आणि हसण्यानं खोकला आला. "गरिबाची माडी हाये," असं म्हणाली. मालकानं पंधरा दिवसांसाठी जुनी उघडी मोटार दिली होती, तिच्यामागं सळी आणि साखळीनं ती खोली जोडली आणि आम्ही दोघं निघालो.

अकोटावरून सरळ गेलो असतो तर वाट जवळची होती, पण त्या वाटेला तेव्हा नदीच्या रेतीतून उतरावं लागायचं, आणि रेतीत ही खोली रुतली असती. म्हणून मूर्तिजापूर, बडनेरा करत आधी अमरावती. तिथं तिचं माहेर होतं आणि तिची आई आमच्याबरोबर चिखलदऱ्याला येणार होती. अकोल्याहून अमरावतीला मोटार अशी गेली की मला वाटलं, मागं काही जोडलेलंच नाही. पाणी तापलं नाही, कुठं दम लागला नाही. मी सारखा मान वळवून तिच्याकडे पाहत होतो आणि ती खिडकीतून हात हलवत होती. मी खूश. वाटलं, काय खोली बांधली आपण. वारा पश्चिमेचा होता आणि आम्ही पूर्वेला चाललो होतो, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. वारा ढकलत होता आणि मी मिशीला पीळ देत होतो.

सासूला मी मामी म्हणायचो. माळ्याचं घर, गावाबाहेर त्यांचा मळा, वांगी, मेथी, मोगरा. मामीची जीभ विळ्यासारखी, पण लेकीला पाहून त्या दिवशी तिनं आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आम्ही पोचलो मंगळवारी. बुधवारी निघायचं नाही, असं मामीनं सांगून टाकलं. "जाशील बुधी, तं येशील कधी," एवढंच म्हणाली, आणि त्या म्हणीवर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. गुरुवारी मी पहाटे तयार होतो. पण लेक दुखणं घेऊन निघालेली, तिला उपाशीपोटी आणि ओटी न भरता कशी पाठवायची? मग आंघोळ, मग पुरणाचा स्वयंपाक, मग त्या खोलीच्या दाराची पूजा, मग ओटी. खरं सांगायचं तर मामी स्वतः भाजीची बंडी रोज पहाटे बाजारात न्यायची, उन्हावाऱ्याच्या आधी. ते तिला कळत होतं. पण भाजी पाठवण्याची रीत वेगळी आणि लेक पाठवण्याची वेगळी. मीही घाई केली नाही. आल्या वेगानं गेलो तर तीन तासांत घाटाखालचा परतवाडा, असा माझा हिशेब. मामी लेकीजवळ खोलीत बसली आणि निघेपर्यंत दहा वाजून गेले होते.

वलगावपर्यंत बरं चाललं, रस्त्याला झाडं होती. पुढं दोन्ही बाजूंना नुसती काळी वावरं, नांगरून उघडी टाकलेली, एक कडुनिंब नाही की बाभूळ नाही. परतवाडा अमरावतीच्या वायव्येला. तिकडून येणारा वैशाखाचा वारा थेट आमच्या तोंडावर. आधी मोटार जड झाली. मग मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. तिच्या नाकातून वाफ निघायला लागली आणि पाणी उकळून बाहेर आलं. मी उतरलो.

मी काय काय केलं ते आठवलं की आजही स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते. प्लग काढले, पुसले, लावले. कार्बोरेटर उघडला. पेट्रोलात भेसळ आहे म्हणून शिव्या घातल्या. ब्रेक धरून बसलाय म्हणून खोलीची चाकं जॅकवर घेतली, तर ती बोटानं फिरत होती. नाचता येईना अंगण वाकडं. पाणी भरून पुन्हा सुरू केली, अर्धा मैल गेलो, पुन्हा उकळली. तिसऱ्यांदा भरायला पाणी नव्हतं. मी मागं गेलो आणि माठाकडे पाहिलं.

मामी म्हणाली, "थे पोरीचं पानी हाये."

"मोटार नाई चालली तं पोरगी इथंच राह्यन," मी ओरडलो. बायको बाजेवर पडली होती, अंगात ताप फणफणत होता. तिनं हातानं खूण केली, घ्या. मी अर्धा माठ मोटारीत ओतला. त्या पाण्यावर आम्ही पाऊण मैल गेलो असू. मग एका वावरातल्या विहिरीवर मी डबे घेऊन पळत गेलो आणि पळत आलो, अनवाणी, कारण चपलेचा अंगठा तुटला होता. पाय भाजत होते आणि मी रडत होतो. लाज कसली, रडतच होतो. सूर्य डोक्यावर, वाटेत चिटपाखरू नाही, आणि माझं माणूस त्या खोलीत शिजत होतं.

तेव्हा मला एक सुचलं. ताडपत्री पुढून फुगत होती, फडफडत होती, म्हणजे वारा तिथं अडत होता. मी पुढची खिडकी पूर्ण उघडली, मागचं दार बांधून उघडं ठेवलं, म्हटलं जाऊ दे आरपार. आणि मोटार खरंच हलकी झाली. दुसरा गिअर पडला. मी देवाचं नाव घेतलं. पण तो वारा रिकामा नव्हता. नांगरलेल्या वावरांची माती घेऊन तो खिडकीतून आत जात होता आणि तिच्या छातीवरून दारातून बाहेर पडत होता. तिनं पदरानं तोंड बांधून घेतलं होतं. मैलभर गेल्यावर मी मान वळवली तर मामी दोन्ही हात हलवत होती. थांबलो. बायकोचा पदर तोंडापाशी लाल झाला होता, आणि त्या लालावर काळी माती बसली होती.

मी खिडकी लावली, दार लावलं. मोटार पुन्हा जागची हलेना.

रस्त्याच्या कडेला मी डोकं धरून बसलो. मागून एक कडब्याची बंडी आली. ज्वारीची धाटं रचलेली, वर एक म्हातारा, माना खाली घातलेले दोन बैल. माझ्या पेट्रोलच्या मोटारीला मागं टाकून ती बंडी पुढं गेली. मग थोड्या अंतरावर थांबली आणि म्हातारा उतरून आला. त्यानं मोटारीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खोलीभोवती एक फेरी मारून आला.

"काहून थांबले?"

"मोटार बिघडली."

"मोटारीले काई नाई झालं, भाऊ. या घरानं वाऱ्यासमोर छाती काढली हाये." मग त्यानं आपली बंडी दाखवली. "आमी कडबा भरतो तं समोरून उतरता ठेवतो, पाह्य. वारा वरून निंगून जाते. समोर सपाट भरला तं बैल जागीच पाय रोवते. अन् तुमी तं अख्खी भितच उभी केली."

एवढंसं, कडबा भरणाऱ्याला ठाऊक असलेलं, मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, आता काय करू. तो म्हणाला, "दिवस बुडूलोक थांबा. दिवस बुडला का वारा पडते." दिवस बुडायला चार तास होते. सावली म्हणायला खोलीची सावली, आणि आत तर भट्टी. मी त्याला दार उघडून आत दाखवलं. त्यानं तिला पाहिलं, डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि बंडीवरून कुऱ्हाड घेऊन आला.

"समोरचे दोन खांब कंबरेइतके ठेवा," तो म्हणाला. "छत समोर खाली येऊ द्या."

मी कुऱ्हाड हातात घेऊन उभा राहिलो आणि हात उचलेना. महिनाभर ज्या उंचीसाठी मी सुताराशी भांडलो, ती माझ्याच हातानं तोडायची. तिला उभं राहता यावं, एवढीच तर माझी हौस होती. आतून तिला सगळं ऐकू गेलं असावं. तिनं हाक मारली. मी दाराशी गेलो.

"अवो, तोडा," ती म्हणाली. "मले उभं राहाचं नाई. मले पोचाचं हाये."

मी तोडलं. मामीनं तिला बाजेसकट मागं, दाराजवळ ओढलं. म्हाताऱ्यानं पेटीवर चढून छत खांद्यावर धरलं आणि मी दोन्ही खांब कंबरेवर छाटले. छत पुढच्या बाजूला खाली बसलं. पुढची भिंत उरली नाही, खिडकीही गेली. तिथं वरून खाली ताडपत्री ताणली आणि म्हाताऱ्यानं आपल्या कडब्याची दोरी सोडून ती घट्ट आवळून दिली. वारा आत जायला सुई शिरेल एवढी फट ठेवली नाही. बंडीवरच्या पाण्याच्या डोणातलं, म्हणजे लाकडी भांड्यातलं, पाणीही त्यानं दिलं. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाला, "हे काय करून राह्यले, बाप्पा. निंगा लवकर."

मोटार निघाली. पहिला, दुसरा, आणि मग, काय सांगू, तिसरा. वारा तोच होता, माझ्या तोंडावर आगीसारखा लागत होता, पण मागची खोली आता मुकाट येत होती. पाणी उकळत नव्हतं. त्या दिवसात पहिल्यांदा मला वाटलं, ही जगते. चिखलदऱ्याला हिला झाडाखाली बसवू, दूध पाजू, पावसाच्या आधी खाली आणू, आणि मग त्या सगळ्या शेजारणींना घरी जेवायला बोलावू. असले विचार करत होतो. मी शीळ घातली. हो, शीळ घातली, ते लपवून काय करू.

पूर्णा नदी आली. आसेगावला पुलाजवळ झाडं होती, पाणी होतं. थांबावं असं एकदा मनात आलं. पण मोटार आता कुठं चालीला लागलेली, थांबलो आणि पुन्हा धरली नाही तर? मी पूल ओलांडला आणि तसाच हाकत राहिलो. पुढं मागून ठक्‌ ठक्‌ असा आवाज यायला लागला. मी कान दिला. मिस्त्रीचा कान, तो काय ऐकणार? मला वाटलं, खोली जोडलेली सळी ढिली झाली आहे. साखळी आहे, तुटायची नाही, परतवाड्याला गेलो की आवळू. ठक्‌ ठक्‌ बराच वेळ चाललं होतं, आणि मग बंद झालं. मला बरं वाटलं, म्हटलं सळी बसली जागेवर. मेळघाटचा डोंगर निळा दिसायला लागला होता.

परतवाड्याच्या अलीकडे एका विहिरीपाशी, चिंचेखाली मी मोटार उभी केली. दिवस अजून बराच वर होता. मी ओरडूनच खाली उतरलो, "मामी, आलो आपन."

मी मागं गेलो. दार उघडंच होतं. मामी बाजेवर बसली होती आणि लेकीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मामीच्या हातात पितळी तांब्या होता, एका अंगानं पार चेपलेला. खोलीच्या लाकडाला त्याच्या खुणा पडल्या होत्या. मला तेव्हा कळलं की सळी ढिली झालीच नव्हती.

मी तिचा हात धरला. ऊन इतकं की प्रेतही गार होत नाही. म्हणून मी बराच वेळ मामीशी भांडत होतो की ताप आहे, ताप आहे, म्हणजे जीव आहे. मामी लेकीचे केस सारखे करत राहिली. त्या जिभेनं मला शंभर शब्द सुनावायला हवे होते.

मग मी म्हणालो, "हाक तरी माराची, मामी."

"मारल्या न जवाईबापू," ती म्हणाली. "नदीपासून मारून राह्यली. वारा मांगं नेत होता."

तिनं पदरानं लेकीच्या ओठांवरची माती पुसली. मी विचारलं, पाणी मागत होती का.

"पानी होतं," मामी म्हणाली. "पानी नाई मांगे. म्हने, त्याइले मोटार उभी कराले लावा. दिवसभर पळून राह्यले म्हने, घडीभर माह्याजवळ बसू द्या."